चांभाराने चपलेपुरतेच बोलावे काय? : इंग्रजी वाक्प्रचारांचा इतिहास आणि आपण

माध्यमिक शाळेपासून पदवीपर्यंत आपला विद्यार्थी इंग्रजीचे वाक्प्रचार पाठ करीत असतो. वहीच्या डाव्या बाजूला वाक्प्रचार, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि खाली ‘वाक्यात उपयोग करा’. परीक्षा झाली की वही रद्दीत जाते. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी गेली बावीस वर्षे इंग्रजी शिकवीत आहे आणि अशा वह्यांची रासच्या रास माझ्या हाताखालून गेली आहे. व्याकरण आपल्या मुलांना जमते. नियम समजला, चार उदाहरणे सोडविली की ते येते. अडते ते बोलण्याच्या ठिकाणी. ज्या घरात दोन-तीन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येते त्या घरातला मुलगा हे वाक्प्रचार जेवता जेवता उचलतो. वस्तीतून आलेल्या मुलाला ते वहीतून उचलावे लागतात. मग मुलाखतीत तो अडखळला की त्याच्या इंग्रजीत ‘सहजता’ नाही असा शेरा बसतो. ही सहजता वारशाने मिळते, हे शेरा मारणाऱ्याच्या गावीही नसते.

यावर आपल्यात दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, इंग्रजी ही मुक्तीची भाषा. ती आहे तशी, डोळे मिटून आत्मसात करा. दुसरे मत असे की, ती साहेबाची आणि आता नव्या अभिजनांची भाषा. तिचे वाक्प्रचार म्हणजे त्यांच्या अंगावरचे दागिने. आपल्याला त्यांचे काय? मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. वाक्प्रचार म्हणजे एखाद्या समाजाने आपल्या श्रमातून, भांडणातून, भीतीतून आणि माजातून साठविलेली स्मृती असते. तीत कष्टकऱ्यांचे शहाणपण असते, तसा मालकांचा तुच्छभावही असतो. तेव्हा प्रत्येक वाक्प्रचाराला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा कोणाच्या श्रमातून आला? आणि हा कोणी, कोणाविरुद्ध वापरला? हे प्रश्न विचारले की घोकंपट्टीचा विषय इतिहासाचा विषय होतो. काही उदाहरणे घेऊन हे मांडतो.

नांगऱ्याच्या पोराची भाषा

इंग्रजीतले शेकडो वाक्प्रचार बायबलातून आले आहेत, हे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. ते इंग्रजी बोलीत कसे शिरले हे मात्र सांगितलेले नसते. सोळाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात धर्मग्रंथ लॅटिन भाषेत बंदिस्त होता. चर्चच्या परवानगीवाचून तो लोकभाषेत आणणे हा गुन्हा होता. विल्यम टिंडेल नावाच्या धर्मगुरूने हा गुन्हा केला. एका धर्मपंडिताशी वाद घालताना त्याने म्हटल्याचे सांगतात की, मी जगलो वाचलो तर नांगर हाकणाऱ्या पोराला तुमच्यापेक्षा अधिक धर्मग्रंथ कळेल असे करीन. लंडनच्या बिशपाने त्याला आश्रय दिला नाही. १५२४ साली तो देश सोडून जर्मनीत गेला आणि १५२६ साली वर्म्स येथे त्याने ‘नवा करार’ इंग्रजीत छापून काढला. प्रती चोरून इंग्लंडात आल्या. बिशपाने त्या जाळल्या. १५३६ साली ब्रसेल्सजवळ टिंडेलला गळा आवळून मारण्यात आले आणि त्याचे प्रेत जाळण्यात आले. पुढे १६११ साली राजाच्या आज्ञेने जे अधिकृत भाषांतर निघाले त्यात याच माणसाचे शब्द फार मोठ्या प्रमाणात जसेच्या तसे आहेत.

‘साइन्स ऑफ द टाइम्स’, म्हणजे काळाच्या खुणा. ‘फाइट द गुड फाइट’, म्हणजे न्यायाची झुंज झुंजणे. ‘द पॉवर्स दॅट बी’, म्हणजे सत्तेवर बसलेले. हे शब्दप्रयोग टिंडेलच्या लेखणीतून इंग्रजीत रुजले. यांतला शेवटचा विशेष लक्षात घ्यावा. मूळ ठिकाणी उपदेश असा आहे की, जी सत्ता आहे ती देवाने नेमलेली आहे, तेव्हा तिचे ऐकावे. चातुर्वर्ण्य देवाने निर्माण केले असे आपल्याला सांगण्यात आले त्याच जातीचा हा उपदेश. पण आज इंग्रजी बोलणारा माणूस ‘द पॉवर्स दॅट बी’ म्हणतो तेव्हा त्याच्या स्वरात भक्ती नसते, बहुतेक वेळा टोमणाच असतो. लोकांनी आज्ञा घेतली आणि वापरून वापरून तिची थट्टा केली. ग्रंथ लोकांच्या तोंडी गेला की असे होते. ज्यांना ग्रंथ सोवळ्यात ठेवायचा असतो त्यांची खरी भीती हीच असते.

टिंडेलचा दुसरा शब्द ‘स्केपगोट’. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘बळीचा बकरा’ असे सर्रास केले जाते. ते नेमके नाही. मूळ विधीत दोन बकरे असतात. एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर सर्व लोकांची पापे ठेवतात आणि त्याला जिवंत अरण्यात हाकलून देतात. तो मारला जात नाही, वस्तीबाहेर घालविला जातो. गावात पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटण्याचे काम आपल्या गावगाड्याने कोणावर टाकले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘स्केपगोट’चा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. ‘बहिष्कृत’ हा शब्द त्याला जास्त जवळचा आहे. वर्गात मी हा शब्द असा शिकवतो आणि मुलांना तो पुन्हा सांगावा लागत नाही.

आता आपल्या बाजूला पाहा. भीमराव आंबेडकर शाळेत असताना त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. इंग्रजी मात्र त्यांना कोणी नाकारली नाही. याचा अर्थ इंग्रज सरकार उदार होते असा कोणी काढू नये. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि त्याने दाद मागितली, तेव्हा याच सरकारने सवर्णांची नाराजी पत्करायला नको म्हणून अंग काढून घेतले. फरक एवढाच की, इंग्रजी भाषेला स्वतःचे सोवळे नव्हते. तिच्या दाराशी बसलेले रखवालदार आपलेच होते.

धोटा, दोरखंड आणि लोखंड

दुसरा मोठा साठा कारागिरांच्या आणि मजुरांच्या कामातून आला. ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणजे जीव टांगणीला लागणे. लोकरीचे कापड धुतल्यावर आटू नये म्हणून ते लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवीत. त्या चौकटीचे नाव टेंटर. ‘टु नो द रोप्स’ म्हणजे एखाद्या कामातल्या खाचाखोचा माहीत असणे. हा शिडाच्या जहाजावरच्या खलाशांचा शब्द, कारण कोणता दोर कोणत्या शिडाचा हे ज्याला कळते तोच तेथे कामाचा. ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ हे लोहाराच्या भात्याजवळचे बोलणे. आणि ज्या ‘स्ट्राइक’ शब्दाशिवाय कामगार चळवळीचा एक दिवस जात नाही तोही खलाशांचाच. १७६८ साली लंडन बंदरात खलाशांनी जहाजांची शिडे खाली उतरवून ती अडवून धरली. शिड उतरविणे याला त्यांच्या भाषेत ‘स्ट्राइक’ म्हणत. तेव्हापासून काम बंद ठेवण्याला हा शब्द लागला. हे शब्द कोणा प्राध्यापकाने घडविलेले नाहीत. सुशिक्षितांनी ते उचलले, त्यांचा घाम पुसला आणि परीक्षेला ठेवले.

पण श्रम एकच असला तरी दोन समाज त्याच्याकडे कसे पाहतात, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. विणकर मागावर धोट्यातली कांडी बदलतो तेव्हा सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढण्यासाठी तोंडाने ओढावे लागे. लँकेशायरच्या गिरण्यांत या कृतीला ‘किसिंग द शटल’, म्हणजे धोट्याचे चुंबन घेणे, असे म्हणत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागल्याने रोग पसरतात म्हणून तिकडे तक्रारी झाल्या. मुंबईत तोच धोटा, तेच सूत, तीच कृती. पण येथे भीती रोगाची नव्हती, विटाळाची होती. अस्पृश्याच्या थुंकीने सूत बाटेल म्हणून अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेतच नसत, आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कुठे कामगार पुढाऱ्यांनी ती मागणी नाइलाजाने यादीत घेतली. आज त्या गिरण्याही राहिल्या नाहीत. पण तिकडे ज्या कृतीला चुंबन म्हटले तिला इकडे विटाळ म्हटले, एवढी एक गोष्ट विद्यार्थ्याला सांगितली तरी जात आणि वर्ग यांच्या संबंधावरचे एक प्रकरण त्याच्या ध्यानात येते.

चांभार आणि कालबूत

वर्गात वापरल्या जाणाऱ्या एका मार्गदर्शक पुस्तकात ‘लेट द कॉब्लर स्टिक टु हिज लास्ट’ हा वाक्प्रचार होता. ‘लास्ट’ म्हणजे जोडा ज्यावर घडवितात ते लाकडी कालबूत. अर्थ दिला होता : नसत्या उठाठेवी करू नयेत. एका मुलाने विचारले, ‘‘सर, हे कोण कोणाला म्हणालं?’’ त्या मुलाचे वडील बाजारपेठेत पादत्राणे दुरुस्त करीत. मला वाटते, वाक्प्रचाराला विचारायचा याहून योग्य प्रश्न नाही.

उत्तर असे आहे. ही गोष्ट रोमन लेखक प्लिनीने नोंदविली आहे. अपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार आपली चित्रे रस्त्यावर मांडून लोकांची टीका आडून ऐकत असे. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेची चूक दाखविली. अपेलीसने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी त्याच चांभाराने चित्रातल्या पायाविषयी मत दिले, तेव्हा चित्रकार उसळून म्हणाला की, चांभाराने चपलेच्या वर जाऊ नये. म्हणजे, तुझ्या कसबाचा फायदा आम्ही घेऊ. तुझे मत मात्र तुझ्या धंद्यापुरते. लॅटिनमधून हे वाक्य सगळ्या युरोपात गेले. आपल्याकडे ‘चांभाराच्या देवाला खेटराची पूजा’ ही म्हण आहेच. दोन्हींतला भाव एकच. एकीने चांभाराची बुद्धी चपलेला बांधली, दुसरीने त्याचा देवही.

पण इतिहासाने या म्हणीला उत्तर दिले आहे आणि ते मार्गदर्शकात नसते. जानेवारी १७९२ मध्ये लंडनमध्ये ‘लंडन कॉरस्पॉन्डिंग सोसायटी’ स्थापन झाली. कष्टकऱ्यांना मताचा अधिकार मिळावा ही तिची मागणी. तिचा संस्थापक टॉमस हार्डी हा जोडे शिवणारा होता. १७९४ साली त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. चांभार चपलेच्या वर गेला. थेट पार्लमेंटपर्यंत गेला.

दुसरे उत्तर तर आपल्या मराठी भाषेतच आहे. विल्यम कॅरी, जन्म १७६१, हा इंग्लंडातल्या नॉर्थँप्टनशायरमधला जोडे शिवणारा. कालबुताशेजारी पुस्तक ठेवून तो लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. १७९३ साली मिशनरी म्हणून बंगालमध्ये आला, पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवू लागला. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले. त्याला रोजच्या व्यवहारातले संवाद जोडले होते. १८१० साली मराठीचा कोश छापला. इंग्लंडातल्या वजनदार नियतकालिकांनी या मिशनऱ्यांच्या चांभारकीची यथेच्छ टिंगल केली. एका मेजवानीत कोणी अधिकाऱ्याने, हा जोडे बनविणारा होता ना, असे मोठ्याने विचारले, तेव्हा कॅरीने उत्तर दिले म्हणतात की, नाही, बनविणारा नव्हे, नुसता दुरुस्त करणारा. त्याच्या धर्मप्रसाराशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. पण मराठी भाषेच्या सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी एक एका चांभाराच्या हातचे आहे, ही गोष्ट मराठी भाषेचा अभिमान सांगणाऱ्या किती व्यासपीठांवरून सांगितली जाते? ज्या भाषेत चांभाराच्या देवाला खेटराची पूजा सांगितली, तिचे नियम सुरुवातीच्या काळात छापून काढणाऱ्यांत एक चांभार होता.

तेव्हा तो वाक्प्रचार पुस्तकातून काढून टाकावा असे माझे म्हणणे नाही. तो शिकवावाच. मात्र अपेलीसबरोबर हार्डीही शिकवावा आणि कॅरीही.

पंडित वर, परिया खाली

इंग्रजीने आपल्या देशातूनही शब्द उचलले. त्यांतले दोन-तीन शेजारी ठेवून पाहिले की बरेच काही कळते. ‘पंडित’ या शब्दाचा इंग्रजीत ‘पंडिट’ झाला. आज निवडणुकीवर किंवा क्रिकेटवर दूरचित्रवाणीत अधिकारवाणीने बोलणाऱ्याला तो लावतात. ‘ब्राह्मण’ अमेरिकेत पोहोचला. ऑलिव्हर वेंडेल होम्स या लेखकाने १८६० साली न्यू इंग्लंडमधल्या जुन्या, सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांना ब्राह्मण जात म्हटले आणि ‘बोस्टन ब्राह्मिन’ हा गौरवाचा शब्द रूढ झाला. आणि तिसरा शब्द ‘परिया’. तमिळनाडूतल्या परैयर या जातीचे हे नाव. ‘परै’ म्हणजे डफासारखे एक वाद्य. सतराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे. आज जगाने वाळीत टाकलेल्या राष्ट्राला ‘परिया स्टेट’ म्हणतात. गावातल्या मोकाट कुत्र्यालाही ‘परिया डॉग’ म्हणतात.

म्हणजे इंग्रजीने आपल्याकडून नुसते शब्द नेले नाहीत, उतरंडही नेली. वरचा शब्द वर गेला, खालचा खाली. साहेबाला या समाजाची माहिती सांगणारे कोण होते हे लक्षात घेतले की यात नवल वाटत नाही. एका जिवंत, कष्टाळू, वाद्य वाजविणाऱ्या समाजाचे नाव जगाच्या एका भाषेत शिवी होऊन बसले आहे आणि सुसंस्कृत वर्तमानपत्रे ते सहज छापतात.

यावर तमिळ दलितांच्या दोन नेत्यांनी दोन मार्ग काढले. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली पत्र काढले आणि त्याचे नावच ‘परैयन’ ठेवले. शिवी आहे ना, मग तीच आमची पाटी. हेच श्रीनिवासन पुढे १९३० साली बाबासाहेबांबरोबर गोलमेज परिषदेत बसले. अयोती दास पंडितर यांनी उलट ते नावच नाकारले. आपण मूळचे तमिळ, पूर्वीचे बौद्ध, असे त्यांनी मांडले आणि १९०७ साली ‘ओरु पैसा तमिळन’ हे पत्र सुरू केले. नाव मिरवावे की टाकावे, हा वाद आपल्याकडे ‘दलित’ शब्दावरून अजून चालू आहे. दोघांचे उद्दिष्ट एकच होते : आपल्याला कोणी काय म्हणावे हे आपण ठरवू.

आजोबाचा हक्क

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. ती त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आणि पुस्तकाला इंग्रजी प्रस्तावना जोडली. पुढे १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव घेतले तेव्हा हेच नाते पुन्हा सांगितले गेले. या नात्यामुळे अमेरिकन इंग्रजीतले दोन शब्दप्रयोग आपल्याला ठाऊक हवेत.

‘टु सेल समवन डाउन द रिव्हर’ म्हणजे विश्वासघात करणे. आज कार्यालयातला सहकारी दगा दिला तरी असे म्हणतात. पण नदी खरी होती, मिसिसिपी; आणि विक्रीही खरी होती. उत्तरेकडच्या मालकाने गुलामाला दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांसाठी विकले की त्याला नदीतून खाली नेत. तेथे श्रम मरणाचे होते आणि बायकामुलांची ताटातूट कायमची.

दुसरा शब्द ‘ग्रँडफादर्ड इन’. नवा नियम आला, पण जुन्यांना त्यातून सूट असली की हा शब्द वापरतात. सरकारी कार्यालयांत, विमा व्यवसायात तो रोजचा आहे. गुलामगिरी संपल्यावर निग्रोंना मतदानाचा हक्क मिळाला तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांनी मतदारासाठी लिहिता-वाचता येण्याच्या आणि मालमत्तेच्या अटी घातल्या. त्यात गरीब, अडाणी गोरेही अडकू लागले. मग १८९८ साली लुइझियानाने तोड काढली. १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला, ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मताचा हक्क होता, त्याला या अटी लागू नाहीत. त्या दिवशी काळ्या माणसाला मताचा हक्क जवळजवळ कोठेच नव्हता, मग त्याच्या आजोबाला कोठून असणार? १९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे रद्द केली. शब्द मात्र राहिला. आधी अक्षर नाकारायचे आणि मग निरक्षर म्हणून हक्क नाकारायचा, वर स्वतःच्या माणसाला आजोबाच्या पुण्याईवर आत घ्यायचे. ‘गुणवत्ता’ या शब्दावर आपल्याकडे जे वाद होतात त्यांत हा इतिहास तोंडपाठ असला पाहिजे.

‘यू’ आणि ‘जोहार’

मोठ्या वाक्प्रचारांपेक्षा रोजचे साधे बोलणे जास्त बोलके असते. मराठीत समोरच्या माणसाला काय म्हणायचे हे तोंड उघडण्याआधीच ठरलेले असे. सवर्णाचे शेंबडे पोर सत्तर वर्षांच्या महाराला ‘अरे’ म्हणे आणि म्हाताऱ्याने ‘जोहार मायबाप’ म्हणायचे. इंग्रजीत एकच ‘यू’. ही काही इंग्रजांची जन्मजात समता नव्हे. त्यांच्याकडेही खालच्याला ‘दाउ’ आणि वरच्याला ‘यू’ असा भेद होता. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स याच्या क्वेकर पंथीयांनी न्यायाधीशापासून शेतमजुरापर्यंत सर्वांना ‘दाउ’ म्हणायचे व्रत घेतले आणि कोणापुढे टोपी काढली नाही. त्यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. पुढे भाषेने वेगळी वाट धरली. ‘दाउ’ मागे पडला आणि सर्वांनाच आदराचे ‘यू’ मिळाले. आपल्याकडे ‘जोहार’ गेला आणि ‘जय भीम’ आला. बाबू हरदास एल. एन. यांना त्याचे श्रेय दिले जाते. ‘जय भीम’लाही उत्तर ‘जय भीम’च असते, हे त्याचे मोठेपण.

इंग्रजी बोलीतही सत्ता होतीच. हिंदुस्थानात येणाऱ्या साहेबांसाठी जी संभाषणाची पुस्तके निघत त्यांत आण, ने, थांब, चालता हो अशा आज्ञार्थी वाक्यांची गर्दी असे. आपल्या लोकांच्या कानांवर इंग्रजी प्रथम पडली ती अशी : छावणीत, बंगल्याच्या मुदपाकखान्यात, रेल्वेत, गोदीत. त्या मोडक्या इंग्रजीला ‘बटलर इंग्लिश’ म्हणून हसण्याची प्रथा आहे. हसणाऱ्यांनी शिवराम जानबा कांबळे यांचे नाव ऐकलेले नसते. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर असलेल्या या कार्यकर्त्याने १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले आणि १९१० साली लष्करात व सरकारी नोकरीत महारांना पुन्हा जागा मिळाव्यात म्हणून भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज पाठविण्यात पुढाकार घेतला. आज्ञा ऐकायची भाषा त्यांनी अर्ज करायची भाषा केली.

लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक असलेल्या सुभेदार रामजी सकपाळांनी आपल्या मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करवून घेतली, ती याच परंपरेत. त्या मुलाने पुढे आपल्या अनुभवांच्या टिपणांना ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे नाव दिले. ती टिपणे १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. व्हिसा हा परदेशी जाणाऱ्याच्या रोजच्या व्यवहारातला शब्द. मसूरच्या स्टेशनावर गाडीवाला मिळेना म्हणून ताटकळलेली मुले, स्वतःच्याच देशात परवान्याची वाट पाहणारा समाज, हे सारे त्या एका कचेरीतल्या शब्दात आले. साध्या शब्दाचा असा वापर घोकून येत नाही. तो शब्द कोणत्या दाराशी वापरतात आणि ते दार कोणाला बंद आहे, हे कळल्यावर येतो.

आता कामाचे बोलू. वसतिगृहांतून, अभ्यासवर्गांतून, शिकवण्यांतून आपले शिक्षक-कार्यकर्ते इंग्रजी शिकवतात. त्यांना माझी सूचना अशी आहे की, आठवड्याला दहा वाक्प्रचार पाठ करून घेण्याऐवजी दोनच घ्यावेत आणि त्यांचा इतिहास सांगावा. विद्यार्थ्याने प्रत्येकाशेजारी आपल्या वस्तीतला, आपल्या आईवडिलांच्या कामातला एक शब्दप्रयोग लिहावा. डफ मढविणाऱ्याचे, झाडूवाल्याचे, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीवरचे शब्द त्या वहीत यावेत. ते मराठीच्या कोशात नाहीत तर इंग्रजीच्या शिकवणीतून तरी गोळा होतील. रोजच्या वापरातली काही वाक्ये मात्र सर्वांत आधी तोंडात बसवावीत : मला बोलायचे आहे, मला हे पटत नाही, कोणत्या नियमाखाली, हे लेखी द्या. सभ्य इंग्रजीतली ही चार वाक्ये कचेरीच्या टेबलापुढे शंभर अलंकारिक वाक्प्रचारांपेक्षा जास्त कामाला येतात, हा माझ्या अनेक विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

भाषा कोणाच्या बापाची नसते असे आपण म्हणतो. ते खरे व्हायचे तर तिच्यात कोणाकोणाच्या बापाचा घाम आहे हे माहीत पाहिजे. इंग्रजीत नांगऱ्याचा आहे, खलाशाचा आहे, विणकराचा आहे, चांभाराचा आहे, मिसिसिपीच्या काठच्या गुलामाचा आहे आणि परै वाजविणाऱ्याचाही आहे. ती शिकताना आपण कोणा परक्याच्या घरात पाहुणे म्हणून जात नाही. आपल्यासारख्यांनीच ज्याच्या भिंती बांधल्या त्या घरात आपण पाऊल ठेवीत आहोत, आणि तेथे कोणत्या भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचण्याचा व खोडण्याचाही आपल्याला अधिकार आहे.